शहराचा खर्च आणि विक्रीवरचा कर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून करांविषयीची इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यायचे ठरवले. रस्ते, पाणी, दिवाबत्ती, सफाई आणि अग्निशमन यांचा खर्च शहराने कशातून भागवावा, हा त्या बहुतेक पत्रांमागचा प्रश्न आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका लहान शहरात राहते. तेथे विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवून तो पैसा पोलीस, अग्निशमन, रस्ते आणि उद्याने यांवर खर्च करावा का, यावर नागरिकांचे मतदान होणार आहे. आमच्या महापालिकेला असा अर्धा टक्का का घेता येऊ नये? शहर सुधारणार असेल तर मी तो आनंदाने देईन. (निवृत्त शिक्षिका, जळगाव)

उत्तर : आजच्या कायद्यानुसार जळगावच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही महापालिकेला किंवा नगरपरिषदेला मालाच्या विक्रीवर स्वतःचा कर बसवता येत नाही. तसा ठराव सर्वसाधारण सभेने एकमताने केला, तरी तो कायद्यापुढे टिकणार नाही. असे का, हे समजण्यासाठी आधी आपल्या मुलीच्या शहरात काय चालले आहे ते पाहू.

अमेरिकेत आपल्या जीएसटीसारखा संपूर्ण देशाला लागू असलेला विक्रीकर नाही. विक्रीकर हा तेथे राज्यांचा विषय आहे, आणि बरीच राज्ये आपल्या दरावर शहरांना व काउंटींना, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यांना, थोडी भर घालू देतात. टेक्सासमध्ये राज्याचा दर ६.२५ टक्के असून स्थानिक संस्थांना मिळून त्यावर २ टक्क्यांपर्यंतच वाढ करता येते. ओरेगॉनमध्ये विक्रीकर मुळीच नाही. कॅलिफोर्नियात किमान दर ७.२५ टक्के आहे, त्यात स्थानिक वाटाही धरलेला आहे, आणि त्यावर अनेक शहरांनी मतदारांच्या संमतीने अर्धा, पाऊण किंवा एक टक्का चढवला असल्याने काही ठिकाणी एकूण दर १० टक्क्यांच्या वर गेला आहे. हा कर गोळा करण्याचे काम राज्याचा कर विभाग करतो आणि शहराचा वाटा शहराकडे पाठवतो. त्यामुळे शहराला त्यासाठी वेगळे नाके किंवा निरीक्षक ठेवावे लागत नाहीत.

तेथील शहरे विक्रीकराकडे वळली, याला १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घेतलेला एक निर्णय बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. ‘प्रस्ताव १३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निर्णयाने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि मालमत्ता विकली जात नाही तोवर तिच्या करआकारणीतील मूल्याची वाढही वर्षाला २ टक्क्यांपुरती मर्यादित केली. घरपट्टीचे उत्पन्न असे आखडल्यावर शहरांची नजर दुकानांतील विक्रीकडे गेली. पुढे १९९६ च्या ‘प्रस्ताव २१८’ ने नगरपरिषदेला कोणताही नवा कर मतदारांना विचारल्याशिवाय बसवता येणार नाही, हे पक्के केले. कर सर्वसाधारण खर्चासाठी असेल तर निम्म्याहून अधिक मते पुरतात, पण तो एखाद्या ठरावीक कामासाठीच राखून ठेवायचा असेल तर दोन तृतीयांश मते लागतात.

या फरकाकडे आपल्या मुलीने नीट लक्ष द्यावे. दोन तृतीयांश मते मिळवणे अवघड असल्यामुळे अनेक शहरे सर्वसाधारण कराचा मार्ग धरतात. मतपत्रिकेवर पोलीस, अग्निशमन, रस्ते, उद्याने अशी यादी असली, तरी तो सर्वसाधारण कर असेल तर पैसा शहराच्या सर्वसाधारण निधीत जातो आणि त्या यादीप्रमाणेच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन परिषदेवर राहत नाही. म्हणून कर कोणत्या प्रकारचा आहे, तो किती वर्षांनी आपोआप संपणार आहे, आणि खर्चावर देखरेख करणारी नागरिकांची समिती व वार्षिक लेखापरीक्षण यांची तरतूद आहे की नाही, हे मतदानापूर्वी तपासणे तिच्या हिताचे आहे.

आता आपल्याकडचे. शहरांना कोणते कर बसवू द्यायचे हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २४३-भ नुसार राज्याचे विधिमंडळ ठरवते. शहराला स्वतःचा असा उपजत कराधिकार नाही. त्यातच २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने वस्तू आणि सेवांवर कर बसवण्याचा अधिकार केंद्र व राज्य यांच्याकडे एकत्रित सोपवला आणि राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरच्या कराची नोंद, काढून टाकली. जकात आणि स्थानिक संस्था कर याच नोंदीच्या आधारावर उभे होते. जाहिरातींवरच्या कराची नोंदही गेली. पंचायत किंवा नगरपालिका स्वतः बसवील आणि वसूल करील तेवढ्यापुरती करमणूक कराची नोंद मात्र शिल्लक राहिली. देशभर एकच बाजार व्हावा, हा या दुरुस्तीचा हेतू योग्यच होता. पण त्या रचनेत शहर हा सरकारचा तिसरा थर कराच्या मांडणीतून जवळजवळ बाहेरच राहिला, आणि माझ्या मते ही तिची मोठी उणीव आहे.

प्रश्न : आम्ही जकात भरली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) भरली आणि आता जीएसटी भरतो. तरी महापालिका पैसे नसल्याचे सांगते. आम्ही भरतो त्या करातला शहराचा वाटा जातो कुठे? (धान्याचे व्यापारी, दाणाबाजार, जळगाव)

उत्तर : आपल्या पिढीच्या व्यापाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या रचना पाहिल्या आहेत आणि प्रत्येक रचनेत शहराचे व बाजाराचे नाते बदलत गेले.

जकातीच्या काळात ते नाते उघड्यावर होते. माल शहराच्या हद्दीत शिरताना नाक्यावर ट्रक थांबे, बिल्टी आणि बिले दाखवावी लागत, कारकून मालाची नोंद करून पावती फाडी आणि मगच दांडा वर होई. ज्या गाड्यांचा माल शहरात उतरणार नसे, त्यांना पारगमनाचा पास घ्यावा लागे. त्यात वेळ जाई, डिझेल जळे आणि भ्रष्टाचारालाही वाव होता, यात शंका नाही. पण संध्याकाळी जमा होणारी रोकड शहराची असे आणि ती बाजाराबरोबर वाढे. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासन त्यांना सहायक अनुदान देऊ लागले. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव यांसारख्या नगरपरिषदा तेव्हापासून या अनुदानावर बऱ्याच प्रमाणात अवलंबून आहेत आणि ते मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगारातच जाते.

जळगावची महापालिका मार्च २००३ मध्ये झाली आणि धुळ्याची त्याच वर्षी जूनमध्ये. पुढे महापालिकांतही जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आणण्यात आला. १ एप्रिल २०१० पासून ज्या पहिल्या काही महापालिकांत तो सुरू झाला त्यांत जळगाव होते. नाके गेले, पण व्यापाऱ्याला आणखी एक नोंदणी, आणखी एक विवरणपत्र आणि आणखी एका अधिकाऱ्याच्या तपासणीची धास्ती मागे लागली. २०१३ मध्ये राज्यभर या कराविरुद्ध बाजार बंद राहिले, हे आपल्याला आठवत असेल. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना शासनाने त्यातून वगळले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि उरलेला एलबीटीही संपला.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. उन्हाळ्याच्या तोंडावर जळगावच्या एखाद्या दुकानातून घेतलेल्या कूलरचे बिल हातात घ्या. कूलरची किंमत १०,००० रुपये असेल तर त्यावर १८ टक्के दराने १,८०० रुपये कर लागतो. बिलावर त्याच्या दोन ओळी असतात : केंद्राचा कर ९०० रुपये आणि राज्याचा कर ९०० रुपये. तिसरी ओळ नसते. तो कूलर ज्या रस्त्याने दुकानात आला, ज्या दिव्याखाली तो टेम्पोतून उतरवला आणि ज्या सफाई कामगाराने त्याचे खोके उचलून नेले, त्या सगळ्याचा खर्च महापालिकेने केला. बिलावर मात्र तिचे नाव नाही.

याची जाणीव असल्यामुळे राज्याने २०१७ मध्येच महापालिकांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा केला. जकात, एलबीटी किंवा उपकर यांपासून २०१६-१७ मध्ये मिळालेले उत्पन्न पाया धरायचे आणि त्यात दरवर्षी चक्रवाढ पद्धतीने ८ टक्के वाढ धरून तेवढी रक्कम शासनाने महापालिकेला द्यायची, असे त्याचे सूत्र आहे. या हिशेबाने पाया १०० रुपये धरला तर पहिल्या वर्षी १०८, दुसऱ्या वर्षी ११६ रुपये ६४ पैसे आणि नवव्या वर्षी जवळजवळ २०० रुपये होतात. याखेरीज महापालिका हद्दीतील मालमत्तेच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का अधिभार घेतला जातो, तोही महापालिकांसाठीच आहे. तेव्हा शहराला काहीच मिळत नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना शहराचा स्वतःचा विक्रीकर असता, तर तो आटला असता. सूत्राने बांधलेल्या भरपाईवर मंदीचा तसा परिणाम होत नाही, हा तिचा मोठा गुणही मान्य केला पाहिजे.

माझा आक्षेप दुसरा आहे. या भरपाईचा जळगावच्या आजच्या बाजाराशी काही संबंध उरलेला नाही. सराफ बाजारात उलाढाल वाढली, औद्योगिक वसाहतीत नवे कारखाने आले किंवा दाणाबाजाराचा व्यापार दुप्पट झाला, तरी भरपाईच्या रूपाने महापालिकेच्या तिजोरीत त्यामुळे एक रुपयाही जास्त येत नाही. बाजार वाढवणारे रस्ते, वाहनतळ आणि गटारी यांवर खर्च केल्याचा परतावा शहराला मिळत नसेल, तर तो खर्च मागे पडतो. शिवाय ज्या बहुवर्षीय सूत्रात शहराला काही म्हणणे मांडता येत नाही, त्यावर अंदाजपत्रक उभे राहिले की महापौर आणि आयुक्त या दोघांचेही लक्ष व्यापाऱ्यांपेक्षा मंत्रालयाकडे अधिक लागते. राज्याला मिळणाऱ्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा कायद्यानेच शहरांना मिळावा, ही मागणी म्हणूनच मला रास्त वाटते. व्यापारी संघटनांनी ती महापालिकेच्या बरोबरीने उभे राहून केली पाहिजे.

प्रश्न : जळगाव महापालिका असल्यामुळे तेथे खरेदी केल्यास जास्त कर लागतो, असे आमच्याकडे काही जण सांगतात. भुसावळला किंवा बऱ्हाणपूरला खरेदी केल्यास वाचतो का? (गृहिणी, भुसावळ)

उत्तर : नाही. जीएसटीचा दर वस्तूवर ठरतो, गावावर नाही. जळगाव, भुसावळ आणि बऱ्हाणपूर येथे त्याच वस्तूवर तोच दर लागतो. किमतीत फरक दिसला तर तो दुकानदाराच्या नफ्याचा किंवा सवलतीचा असतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : बऱ्हाणपूरच्या दुकानात समोर पैसे देऊन माल घेतला की करातला राज्याचा भाग, म्हणजे निम्मा कर, मध्य प्रदेशाकडे जातो. नवापूर किंवा नंदुरबारहून सुरतेला जाऊन खरेदी करणाऱ्यांचा तो भाग गुजरातला मिळतो.

प्रश्न : वस्तूंवरचा कर गरिबाला जास्त बोचतो, असे आम्ही अर्थशास्त्रात शिकलो. मग शहरासाठी विक्रीवरचा कर चांगला की घरपट्टी? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : आपण शिकलात ते खरे आहे आणि ते साध्या हिशेबाने दिसते. महिना १२,००० रुपये मिळवणारे कुटुंब सगळेच्या सगळे खर्च करते, असे धरू. अर्धा टक्का जादा कर लागला तर ते ६० रुपये देईल, म्हणजे उत्पन्नाचा अर्धा टक्का. महिना १,००,००० मिळवणारे कुटुंब त्यातले ४०,००० बाजारात खर्च करून बाकीचे शिलकीत टाकत असेल तर ते २०० रुपये देईल, म्हणजे उत्पन्नाच्या एक टक्क्याचा पाचवा भाग. रक्कम मोठी दिसली तरी भार हलका आहे. यासाठीच अमेरिकेतील अनेक राज्ये घरी शिजवायच्या अन्नधान्यावर विक्रीकर घेत नाहीत, आणि आपल्याकडेही सुट्या धान्यावर, ताज्या भाजीपाल्यावर आणि दुधावर जीएसटी नाही.

तरीही विक्रीवरच्या कराच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो अमळनेरच्या माणसाला लगेच पटेल. लग्नसराईत पारोळा आणि चोपडा तालुक्यांतील गावांतून मंडळी बस्ता बांधायला अमळनेरला येतात. एकेका बस्त्यासाठी वऱ्हाडातली दहा-पंधरा माणसे गाडी करून येतात, दिवसभर कापडाच्या दुकानात बसतात, भांडी घेतात, सोनाराकडे जातात, जेवतात आणि रात्री परततात. शहराचे रस्ते, पाणी, स्वच्छतागृहे आणि वाहतूक व्यवस्था ती वापरतात. त्यांची घरपट्टी मात्र त्यांच्या ग्रामपंचायतीत भरली जाते. तालुक्याच्या गावाला आसपासच्या चाळीस-पन्नास खेड्यांचा भार उचलावा लागतो, पण खर्चाचे बिल मात्र फक्त हद्दीत राहणाऱ्यांच्या नावे निघते. जकातीत हा खर्च काही अंशी बाहेरून येणाऱ्यांकडून वसूल होत असे. दुकानावरची अनिवासी घरपट्टी जास्त दराची असते आणि दुकानदार ती किमतीत मिसळतो, एवढाच काय तो आता मार्ग उरला आहे.

उलट बाजूचे मुद्देही आहेत. शहराने आपल्यापुरता दर वाढवला की दुकाने आणि गोदामे हद्दीबाहेर सरकू लागतात. बाजार मंदावला की शहराचे उत्पन्नही मंदावते, आणि पाणी उपसण्याचे विजेचे बिल तर मंदीतही तेवढेच येते. घर जागचे हलत नाही आणि त्याची किंमत एका वर्षात कोसळत नाही. रस्ता, दिवा आणि नळ आल्याने घराचे मोल वाढते, त्याच घरावर कर बसतो, हेही न्यायाला धरून आहे. म्हणून शहराच्या नित्य खर्चाचा पाया घरपट्टीच असावा आणि बाहेरून येणाऱ्या वर्दळीचा खर्च राज्याने आपल्या जीएसटीतून भरून द्यावा, असे माझे मत आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानाला घरपट्टीची अट जोडली होती : राज्याने तिचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुलीची वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या मागील पाच वर्षांच्या सरासरी वाढीच्या बरोबरीने राहावी. जे शहर आपल्याच नागरिकांकडून कर घेण्यास कचरते, त्याचे बाहेरून येणारे अनुदानही अडते, असा याचा अर्थ होतो.

प्रश्न : आमचे गाव हद्दवाढीत धुळे महापालिकेत आले. घरपट्टीची नोटीस आली असून रक्कम ग्रामपंचायतीच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहे. ती कशी ठरली आणि हरकत कोठे घ्यावी? (वाचक, वलवाडी परिसर, धुळे)

उत्तर : घरपट्टीचा हिशेब नोटिशीतच असतो, तो आधी तपासावा. भाडेमूल्याच्या पद्धतीत घराला वर्षाला किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज करून त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात आणि उरते ते करयोग्य मूल्य. उदाहरणार्थ, महिना २,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे २४,००० होतात, त्यातून २,४०० वजा जाता करयोग्य मूल्य २१,६०० येते. सर्वसाधारण कराचा दर २५ टक्के आहे असे धरल्यास त्या एका शीर्षाखाली ५,४०० रुपये होतात. त्याखाली पाणी, सफाई, अग्निशमन, वृक्ष अशा शीर्षांच्या ओळी येतात. घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, स्वतःचा वापर की भाडेकरू, निवासी की दुकान, या पाच नोंदींपैकी एखादी चुकली तरी रक्कम बरीच फुगते. मोजणीला आलेल्या माणसाने पत्र्याची खोली स्लॅबची लिहिली, असे प्रकार घडतात. म्हणून फीत घेऊन घर स्वतः मोजावे आणि नोटिशीतील आकड्याशी ताडून पाहावे.

हद्दवाढीत आलेल्या गावांना पूर्ण दर एकदम लावायचा नसतो. सुरुवातीस ग्रामपंचायतीच्या दराने आणि मग टप्प्याटप्प्याने वाढवत महापालिकेच्या दरापर्यंत न्यायचा, अशी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात तरतूद आहे. आपल्या नोटिशीत कोणता टप्पा लावला आहे, हे लेखी विचारावे.

हरकत नोटिशीत दिलेल्या मुदतीतच, लेखी आणि पोचपावती घेऊन द्यावी. सुनावणीला मालमत्तेची कागदपत्रे, वीजबिल आणि छायाचित्रे न्यावीत. निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण त्यासाठी वादातील कराची रक्कम आधी जमा करावी लागते. बिल आल्यावर रागाने भरणे थांबवू नये, कारण थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बिलातील शिक्षण कर आणि दुकान वगैरे असल्यास लागणारा रोजगार हमी कर हे शासनाचे कर असून महापालिका ते केवळ वसूल करते, हेही ध्यानात असू द्यावे. या दोन ओळींचा जाब आयुक्तांना विचारून उपयोग होणार नाही.

प्रश्न : कर वाढवायला आमचा विरोध नाही, पण पैसा त्याच कामाला लागेल याची खात्री काय? अमेरिकेत लोकांना विचारतात, आम्हाला कोण विचारते? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : आपल्याकडे कराच्या दरावर नागरिकांचे थेट मतदान नाही. पण दर ठरवण्याची जागा आणि वेळ ठरलेली आहे, आणि तेथे आपण फारच कमी संख्येने जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. महापालिकेत पुढील वर्षाच्या करांचे दर सर्वसाधारण सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. नगरपरिषदेत अंदाजपत्रकाची विशेष सभा असते. घरपट्टीचे बिल एप्रिलनंतर हाती येते, तेव्हा त्यावर बोलण्याची वेळ टळून गेलेली असते. नगरपरिषदांत दर चार वर्षांनी होणारी चतुर्वार्षिक आकारणी हीदेखील अशीच एक संधी आहे.

लोकप्रतिनिधींची मुदत संपून प्रशासक आले की सभेचे अधिकार त्या एकाच अधिकाऱ्याकडे जातात. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांत २०२३ मध्ये मुदत संपल्यावर तसेच झाले. ज्या वर्षी कोणी निवडून आलेला नाही त्या वर्षी कराचा दर बदलणे मला लोकशाहीला धरून वाटत नाही. तरी अशा काळात नागरिकांनी आपल्या सूचना फेब्रुवारीपूर्वी लेखी द्याव्यात, कारण नोंद झालेल्या कागदाचे उत्तर द्यावे लागते.

अंदाजपत्रक हाती आले की एकूण रकमेकडे पाहून भुलू नये. प्रत्येक शीर्षाखाली मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. घरपट्टीची प्रत्यक्ष जमा वर्षानुवर्षे अंदाजापेक्षा बरीच कमी येत असेल, तर दर वाढवण्याआधी वसुली सुधारा, असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्यानंतर मागणी-वसुलीचा तक्ता पाहावा, त्यात जुनी थकबाकी आणि चालू मागणी वेगळी दाखवलेली असते. मोठे थकबाकीदार कोण आहेत आणि त्यांच्यावर कोणती कारवाई झाली, हे विचारावे. शास्ती माफ करणाऱ्या अभय योजना वारंवार आणल्या की वेळेवर भरणाऱ्याला आपण फसलो असे वाटू लागते आणि पुढच्या वर्षी तोही थांबतो. माझ्या मते अशी योजना क्वचितच आणि एकदाच शेवटची म्हणून आणावी. करांव्यतिरिक्त शहराच्या मालकीचे गाळे, जागा आणि मंडई यांचे भाडेही तपासावे. जळगावात व्यापारी संकुलांतील गाळ्यांच्या भाडेपट्ट्यांचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला, त्या काळात शहराचे जे उत्पन्न अडकले त्याची झळ शेवटी घरपट्टी भरणाऱ्यांनाच बसली.

आपल्या नगरपरिषदेच्या बाबतीत पाणीपट्टीचे शीर्ष आधी घ्यावे, असे मी सुचवीन. विरचक धरणातून पाणी आणण्याचा, शुद्ध करण्याचा आणि विजेचा एकूण खर्च एका बाजूला आणि पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली दुसऱ्या बाजूला मांडली की तूट किती आणि ती कोणत्या शीर्षातून भरली जाते, हे कळते. हे आकडे नगरपरिषदेच्या कार्यालयात मिळाले नाहीत तर जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क लागत नाही. अर्जात मागील तीन वर्षांची पाणीपुरवठ्याची प्रत्यक्ष जमा व खर्च आणि ३१ मार्चअखेरची थकबाकी एवढेच नेमके मागावे. उत्तर ३० दिवसांत आले पाहिजे, न आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.